यादीत रायगड आहे, खांदेरी आहे. आपल्या पद्मदुर्गाचं काय?

मुरुड : ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. ११ महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. आपल्या जिल्ह्याचे त्यात दोन, रायगड आणि खांदेरी. तेव्हापासून आपल्याकडं नाक्यावर विषय निघतो की पद्मदुर्ग का नाही? ते विचारणं रास्तच आहे. पण त्याला जोडून मोबाईलवर दुसराच सवाल फिरतो, शत्रूचा जंजिरा बघायला लोकांनी पैसे का घालवायचे? हा मला खटकतो, कारण त्यात इतिहासही अर्धा आहे आणि पोटाचा हिशोबही चुकलाय.

जंजिरा यादीत नाही यात नवल नाही. यादी मराठ्यांच्या किल्ल्यांची, आणि जंजिरा १९४८ ला संस्थान विलीन होईस्तोवर सिद्दींचाच होता. पद्मदुर्ग मात्र महाराजांनी त्याला शह द्यायला समोरच्या कासा बेटावर बांधला. आता ही लढाई निव्वळ धर्माची होती का, ते बघा. पद्मदुर्गाची रसद पोचवायचं काम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्याकडं होतं. त्यानं पैसा आणि धान्य द्यायला टाळाटाळ केली. १६७५ मध्ये महाराजांनी त्याला पत्रातून असा झाडला की विचारू नका. सिद्दीनं तुला फितवलंय काय, ब्राह्मण म्हणून तुझी गय होणार नाही, असा त्याचा मतलब. आणि अडलेली रसद कुणाची? आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग यांची. म्हणजे मुसलमान सरदार स्वराज्याच्या बाजूनं समुद्रात उभा, आणि आपलाच सुभेदार कोठाराला कुलूप लावून बसलेला.

पुढं १७२७ मध्ये सिद्दी सातानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटलं. ब्रह्मेंद्रस्वामींनी सातारा-पुण्याला पत्रांवर पत्रं धाडली आणि १७३३ ची जंजिरा मोहीम निघाली. देवळाचा राग खराच होता, त्यात शंका नाही. पण याच स्वामींना आधीच्या सिद्दीनं गावं इनाम दिली होती, आणि हेच स्वामी बाजीरावांना कर्ज देणारे सावकारही होते. नाटक-कादंबरीत राग तेवढा येतो, कर्जाचे कागद येत नाहीत. आपला बहुतेकांचा इतिहास तिथूनच आलाय, नाहीतर होडीतल्या गाईडकडून. पाव्हण्याला कलालबांगडी तोफ दाखवतात, पण महाराजांचं पत्र कुणी सांगत नाही.

आता पोटाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड लावलं तर उत्पन्न धरायला पाच-सात वर्षं जातात. मधल्या काळात वाडीवाल्यांनी खोल्या काढल्या, कुणी खानावळ घातली. काशीद-मुरुडला येणारा पाव्हणा मुख्यतः समुद्र आणि जंजिरा बघायला येतो. राजपुरीत होड्या कोळ्यांच्याही आणि मुसलमानांच्याही. जंजिऱ्यावर बहिष्कार घाला म्हणणाऱ्यानं या दोघांच्या, आणि खोली देणाऱ्या वाडीवाल्याच्याही ताटातली भाकर उचलायची ठरवलीय. पावसाळ्यात किल्ला बंद असतो तेव्हा बाजार कसा ओस पडतो, ते दुकानदाराला विचारा.

पद्मदुर्गावर शिवप्रेमी जागर करतात, चांगलंच आहे ते. पण जंजिऱ्यासारखी तिथं रोजची होडी नाही, म्हणून बहुतेक पाव्हणे मुरुडच्या किनाऱ्यावरनंच त्याचा फोटो काढून जातात. दोन्ही किल्ले एकाच फेरीत दाखवता आले तर एक मुक्काम वाढेल, आणि एक मुक्काम म्हणजे दोन जेवणं, एक नाश्ता, परतताना पिशवीत चार नारळ. युनेस्कोच्या यादीची वाट न बघता हे मागता येतं. किल्ल्याचं काम पुरातत्त्व खात्याचं, धक्क्याचं आणि होडीच्या परवान्याचं मेरीटाईम बोर्डाचं. म्हणून मागणी दोन्हीकडं एकदम गेली पाहिजे, उतरायला नीट पायऱ्या आणि ठरलेल्या वेळेची होडी. राजपुरीच्या ग्रामसभेत ठराव झाला, मुरुड नगरपरिषदेचा त्याला जोड मिळाला, तर पावसाळ्यानंतर होड्या सुटायच्या आधी कागद पुढं सरकेल. ठरावावर होडीवाल्यांच्या सह्या पहिल्या घ्या, दोन्ही मोहल्ल्यांतल्या.