घर कुणाचं, गाळा कुणाचा?

ऑफिसात लंच टाइमला हल्ली एकच विषय: 'तुझा ईएमआय किती?' वाकड असो की डोंबिवली, ५० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं की महिन्याला साधारण ४३,४०० रुपये गेलेच. मेंटेनन्स वेगळा. आणि फ्लॅट कशाला? तर झोपायला आणि रविवारी पंखे पुसायला!

आता कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी बघा. चांदीचं गाव. इथल्या कितीतरी घरांत स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीतच पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरू बसवतात. गाळ्याचं भाडं नाही, बसचा पास नाही. मस्त ना? थांबा. डाग देतानाचा धूर, अ‍ॅसिडचा वास, सगळं घरातच. शेजारी पोरांचा अभ्यास. मजुरी कामावर. मग गाळ्याचं भाडं वाचलं ते कारागिराचं, की काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं?

२०२० पासून आपलंही तेच झालंय की. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, वीज आपली, एसी आपला. सहाशे स्क्वेअर फुटांतले साठ जरी ऑफिसला गेले, तरी ईएमआयमधले ४,३४० रुपये कंपनीच्या नावावर पडतात. एचआरला विचारून बघा, बॉस!