फिट आल्यावर लोक काय शोधतात

अपस्मार हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकात आहे, दवाखान्याच्या पाटीवर आहे, सरकारी माहितीपत्रकात आहे. पण घरात पोराला आकडी येऊन गेली आणि आईने थरथरत्या हाताने मोबाइल उघडला, तर तिला तो शब्द सुचत नाही. ती लिहिते, ‘फिट आल्यावर काय करावे’. कोणी ‘मिरगी’ लिहितं, कोणी ‘झटके’, कोणी ‘फेफरं’. मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहिणारेही पुष्कळ. आणि डॉक्टरांनी नीट तपासून दिलेली आपली माहिती ‘अपस्मार : कारणे, लक्षणे व उपचार’ अशा मथळ्याखाली कुठेतरी पडून असते. त्या आईच्या आणि त्या पानाच्या मध्ये फक्त एका शब्दाचं अंतर असतं, आणि नेमक्या त्या जागेत अंगारेधुपारेवाला आपलं दुकान मांडतो.

एका धर्मादाय रुग्णालयासाठी मी मराठीतून आरोग्याची माहिती लिहिते. या कामातला बराच वेळ लिहायला बसण्याआधी जातो. लोक ही गोष्ट कोणत्या शब्दांनी शोधतात, हे आधी हुडकावं लागतं. एसईओ करणारे, म्हणजे वेबपान शोधात वर आणण्याचं काम करणारे, त्याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. नाव ऐकलं की जाहिरात कंपन्या आणि ऑनलाइन दुकानं डोळ्यांपुढे येतात, कारण हे काम शिकले तेच लोक. माझं ठाम मत आहे की ते दवाखान्यांनी, कृषी विद्यापीठांनी आणि तहसील कचेऱ्यांनी त्यांच्याही आधी शिकायला हवं होतं. चपला विकणाऱ्याचा शब्द चुकला तर एक गिऱ्हाईक जातं. आमचा चुकला तर कोणीतरी बेशुद्ध मुलाच्या दातांत चमचा कोंबतं.

शब्द गोळा करताना मी कुठल्याही साधनाला आधी हात लावत नाही. आधी केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या ताईंकडे जाते, मग आशाताईंकडे. लोक आल्या आल्या काय सांगतात, तेवढंच विचारायचं. ‘डोळे पांढरे केले’, ‘दातखिळी बसली’, ‘तोंडाला फेस आला’, ‘हातपाय ताठ झाले’, ‘तापात झटके आले’. यात रोगाचं नाव कुठेच नाही. माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो, आणि मोबाइलवरही तेच लिहितो. गूगलचा मराठी आवाजी शोध २०१७ पासून आहे. त्यामुळे आता पुष्कळ लोक लिहितही नाहीत, फोनशी बोलतात आणि सबंध वाक्य बोलतात. ‘लहान बाळाला ताप आल्यावर झटके का येतात’ हे वाक्य जसंच्या तसं कीवर्ड आहे. त्याचं उत्तरही नीट देता येतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात असा झटका कधी ना कधी येतो, बहुतेकदा काही मिनिटांत थांबतो, आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांना पुढे अपस्मार होत नाही. हे वाक्य त्या आईपर्यंत रात्री दोन वाजता पोहोचलं पाहिजे, यासाठी हा सगळा खटाटोप.

यादी हातात आली की खरी पंचाईत सुरू होते. ‘फिट’ हा आमच्या यादीतला सर्वांत मोठा शब्द, पण एकटा घेतला तर निकामी. तो शोधणाऱ्यांत वजन कमी करणारे असतात, व्यायामशाळा शोधणारे असतात, कपड्यांचं माप पाहणारेही असतात. ‘झटका’ लिहिला की हृदयविकाराचा आणि विजेचाही येतो. ‘मिरगी’ हिंदीतून आलेला; तो शोधला की हिंदी पानांची रांग लागते, आणि शेवटची वेलांटी राहून गेली तर ‘मिरग’, म्हणजे पावसाचं नक्षत्र. ‘आकडी’ हा माझ्या कानाला सर्वांत आपला वाटणारा शब्द. त्यातल्या वेलांटीऐवजी मात्रा पडली की थेट मटक्याचे आकडे. म्हणून सुटा शब्द निवडून भागत नाही, त्याच्या शेजारचं क्रियापद धरावं लागतं. फिट येणे, आकडी येणे, झटके येणे. ‘येणे’ जोडलं की गर्दी एकदम पांगते आणि उरतात ती आपली माणसं.

मराठीत हे क्रियापदही एका रूपात राहत नाही. ‘फिट येते’, ‘फिट आली तर’, ‘फिट आल्यावर’, ‘फिट येणाऱ्या मुलाला’. इंग्रजीसाठी बनवलेल्या साधनांना ही चार वेगळी वाक्यं दिसतात आणि प्रत्येकापुढे बारीकसा आकडा, किंवा काहीच नाही. त्यात ‘येणाऱ्या’मधला अर्धा र कीबोर्डागणिक दोन निरनिराळ्या सांकेतिक पद्धतींनी उमटू शकतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन. जुन्या फाँटांत टंकलेली पत्रकं तर आणखी दुर्दैवी. युनिकोडच्या आधीच्या त्या फाँटांत कागदावर ‘अपस्मार’ दिसतं, पण सर्च इंजिनला इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी मिळते. कागद स्कॅन करून चढवला असेल तर तो नुसतं चित्र असतो. मराठीतली कितीतरी चांगली आरोग्यपत्रकं अशीच बंद आहेत. त्यांच्यासाठी कीवर्ड शोधणं नंतरची गोष्ट, आधी ती युनिकोडमध्ये नव्याने टंकावी लागतात.

मग साधनं. सर्वांत सोपं आणि फुकट साधन म्हणजे गूगलची शोधपट्टी. ‘फिट आल्यावर’ एवढं लिहून थांबायचं, खाली ती काय सुचवते ते उतरवून घ्यायचं. मग पुढे एकेक अक्षर लावत जायचं, क, का, घ, ल. या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात. गूगलने हा प्रयोग २००४ मध्ये सुरू केला, २००८ मध्ये तो मुख्य पानावर आणला. त्याखाली निकालांत लोक आणखी काय विचारतात त्याची चौकट येते, तीही पाहावी. गूगल ट्रेंड्समध्ये दोन शब्द शेजारी ठेवून तुलना करता येते, पण तिथले अंक शून्य ते शंभर या पट्टीवरचे असतात, माणसांची मोजदाद नसते. गूगलचाच कीवर्ड प्लॅनर जाहिरातदारांसाठी आहे. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्याला तो ‘१०० ते १ हजार’ किंवा ‘१ हजार ते १० हजार’ असे ढोबळ पल्ले दाखवतो. या पल्ल्यावरून कुठला शब्द मोठा आणि कुठला लहान एवढं कळतं. आमच्या कामाला तेवढं पुरतं.

आकड्यांना यापेक्षा जास्त मान द्यायला माझा विरोध आहे, आणि विशेषतः मराठीत. साधनाने शून्य दाखवलं म्हणून कोणी विचारत नाही असा अर्थ काढला, की ते पान लिहिलंच जात नाही. पान नाही म्हणून शोधणाऱ्याला काही सापडत नाही, आणि पुढच्या वेळी तो मराठीत शोधायचंच सोडतो. गूगल स्वतःच अनेक वर्षं सांगत आलं आहे की रोजच्या शोधांपैकी साधारण १५ टक्के शोध त्यांनी आधी कधीच पाहिलेले नसतात. दुसऱ्या बाजूने, मोठा आकडाही फसवतो. गूगलने २००८ मध्ये लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारी योजना सुरू केली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तिचा अंदाज सरकारी नोंदींच्या जवळजवळ दुप्पट निघाला आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. बातम्या वाचून घाबरलेले निरोगी लोकही फ्लू शोधतात. आकडी शोधणाऱ्यांतही परीक्षेसाठी वाचणारा विद्यार्थी असतो, नुकतंच चित्रपटात पाहिलेला प्रेक्षक असतो. मला हवी असते ती कमी संख्येची पण घाईची वाक्यं.

शब्दामागचा माणूस ओळखणं हा या कामाचा गाभा. आंद्रेई ब्रॉडर या संशोधकाने २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार मांडले : माहिती हवी असणारा, विशिष्ट ठिकाणी जाऊ पाहणारा आणि काही व्यवहार उरकू पाहणारा. आमच्या यादीवर हे तीन खण मला अपुरे पडले. ‘फिट आल्यावर काय करावे’ विचारणाऱ्यासमोर त्या क्षणी कोणीतरी जमिनीवर पडलेलं असू शकतं. त्याच्यासाठी पानाच्या पहिल्या ओळीतच उत्तर हवं. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका; झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८ ला फोन करा. कारणं, प्रकार, मेंदूतल्या पेशी हे सगळं खाली. ‘फिट येण्याची कारणे’ विचारणारा मात्र निवांत बसलेला आहे, त्याला वेगळं पान द्यावं. शब्द जवळजवळ तेच असले तरी दोघांना एका पानात कोंबलं तर दोघांचीही आबाळ होते.

तिसरा एक शोध आहे, त्याने मला पुष्कळ दिवस अस्वस्थ ठेवलं. ‘फिट येणाऱ्या मुलीचे लग्न’. हा प्रश्न डॉक्टरांच्या यादीत कधीच नव्हता, खिडकीवरच्या ताईंना मात्र पाठ होता. आयाबाया तो हळू आवाजात, बाकीचे लोक निघून गेल्यावर विचारतात. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला अडथळा आणणारी गोष्ट ठरवली होती. १९९९ मध्ये संसदेने ते शब्द काढून टाकले. इतकी वर्षं झाली तरी हे गावोगाव पोहोचलेलं नाही. त्या एका वाक्यासाठी आम्ही स्वतंत्र पान लिहिलं : कायदा काय म्हणतो, गरोदरपणात औषधांबाबत डॉक्टरांशी आधीच का बोलावं, आजार लपवून लग्न लावण्यात मुलीचंच नुकसान कसं होतं, कारण गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या चुकतात. या शोधापुढे कीवर्ड प्लॅनरमध्ये आकडाच नव्हता.

आणि मग ‘मिरगीवर रामबाण उपाय’. हा शोध मोठा आहे, पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या धंदेवाल्याने डोळे झाकून निवडावा असा. आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक पक्ष म्हणाला, खोटा शब्द मथळ्यात आणूच नये. माझं म्हणणं उलट होतं : तो शब्द आपण सोडला तर तिथे फक्त खोटं उत्तर देणारे उरतील. शेवटी मथळा ठरला, ‘फिट कायमची बरी करणारा रामबाण उपाय आहे का?’ आणि पहिल्या ओळीत लिहिलं की असा उपाय असल्याची जाहिरात करणंच कायद्याने गुन्हा आहे, पण नियमित औषधांनी बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात. औषधे व जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. ज्या आजारांवर उपायाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत ‘एपिलेप्सी’ आहे आणि दोन ओळी सोडून ‘फिट्स’ही वेगळा नोंदवला आहे. ज्याने ती यादी केली त्याला कळलं होतं की भोंदू माणूस पुस्तकी नाव टाळून लोकांच्या तोंडचं नाव वापरील. सर्च इंजिन जन्माला येण्याच्या कितीतरी आधीचं हे शहाणपण आहे आणि मला त्या अनाम मसुदाकाराबद्दल फार आदर वाटतो.

शब्द निवडून झाल्यावर ते पानात कसे ठेवावेत, याबद्दल अजून बरेच गैरसमज आहेत. पानाच्या पोटात लपवलेली कीवर्डांची यादी गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. एकच शब्द वाक्यावाक्यात ठोकून भरल्याने पान वाचवत नाही आणि वरही येत नाही. मुख्य वाक्य मथळ्यात, पहिल्या परिच्छेदात आणि एखाद्या उपमथळ्यात आलं की पुरे. बाकीची नावं ओघात एकदा येऊ द्यावीत : ‘आकडी, फिट, मिरगी किंवा फेफरं म्हणतात तो हा आजार, डॉक्टर त्याला अपस्मार म्हणतात.’ या एका ओळीत सगळे शोधणारे सामावतात आणि घरी परतताना वैद्यकीय नावही शिकतात. वाक्याचा संदर्भ समजून घेणारी बर्ट ही पद्धत गूगलने २०१९ मध्ये आधी इंग्रजीत आणि मग ७० हून अधिक भाषांत आणली, तेव्हापासून सरळ बोली वाक्याला आणखी बरे दिवस आले आहेत.

पान चढवल्यानंतर काही आठवड्यांनी गूगलचा सर्च कन्सोल उघडावा. आपलं पान कोणकोणत्या शोधांना दिसलं, कितींनी ते उघडलं, हे तिथे कळतं. माझ्या मते कीवर्ड रिसर्चचा हा सर्वांत विश्वासाचा भाग, कारण यातली वाक्यं आपल्या दारापर्यंत आलेल्या माणसांची असतात. तिथेच आम्हाला ‘झोपेत फिट येणे’ सापडलं, ‘गोळी चुकली तर’ सापडलं, ‘फिट येणाऱ्याने गाडी चालवावी का’ सापडलं. तिन्ही पानं आता लिहून होत आहेत.

पुढचं पान सर्पदंशाचं. पावसाळ्याआधी ते तयार हवं. घोणसेला विदर्भात परड म्हणतात एवढं मला ठाऊक आहे. मण्यार आणि फुरशाला तुमच्या गावात काय म्हणतात, चावलं हे सांगताना ‘लागलं’ म्हणतात की ‘पान लागलं’, की आणखी काही, ते जसं बोलता तसंच लिहून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. शुद्ध करून पाठवू नका.