अश्वशक्ती वाढली, आनंद कोठे गेला?

मोटारींच्या जगात सध्या एक प्रश्न मोठ्या आवेशाने चर्चिला जातो. मागे वर उघडणारे दार असलेली आटोपशीर मोटार घ्यावी, तिच्यात तिच्या अंगापेक्षा जोरकस इंजिन बसवावे, आणि चौघांच्या संसारी गाडीस शर्यतीच्या गाडीची चव आणावी, असा जो प्रकार ‘हॉट हॅचबॅक’ या नावाने ओळखला जातो, तो आज चालविण्यास पूर्वीइतका चित्तवेधक राहिला आहे काय? एक पक्ष म्हणतो, राहिला आहे; कारण आजच्या गाड्या पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान आहेत. दुसरा म्हणतो, नाही. सारे काही यंत्राने हाती घेतल्यावर माणसाला करावयास उरले काय? आमच्या मते दोन्ही पक्ष हा प्रश्न शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर उभे राहून विचारीत आहेत. ज्या रस्त्यावरून आपण खरोखर मोटार हाकतो, त्या रस्त्यावर तो विचारला पाहिजे. आम्ही तो तंजावरहून तिरुवैयारुस जाणाऱ्या रस्त्यावर विचारू इच्छितो.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसास हा मुलूख परका नाही. १८५५ पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती, आणि सरफोजी राजांचा सरस्वती महाल पाहावयास दक्षिणेत बदली झालेला प्रत्येक मराठी अधिकारी एकदा तरी जातोच. तेथवर गेलेला माणूस पुढे तिरुवैयारुसही जातो. गावाच्या नावातच पाच नद्या आहेत. अंतर थोडे, परंतु वाट कावेरी व तिच्या शाखांचे पूल ओलांडीत, भातखाचरे आणि केळीच्या बागा यांमधून जाते. पूल आला की रस्ता चढतो, उतरतो, गावात शिरला की अरुंद होतो. समोरून बस येते, कडेने सायकलवर मुली शाळेस निघालेल्या असतात, सुगीच्या दिवसांत डांबरावरच भात वाळत पडलेले असते. येथे ताशी साठ किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. भारतातील जिल्ह्याजिल्ह्यांतील बहुतेक रस्ते थोड्याफार फरकाने असेच आहेत.

आता या रस्त्यावर दोन गाड्या उभ्या करू. पहिली फोक्सवॅगनची मूळची गॉल्फ जीटीआय. १९७५ साली ती फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढील वर्षी विक्रीस आली. १६०० घनसेंटिमीटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती, वजन सुमारे ८१० किलो. शंभराचा वेग गाठण्यास तिला नऊ सेकंद लागत. दुसरी तिचीच आजची वंशज. २०२५ च्या मे महिन्यात ती भारतात आली, संपूर्ण परदेशी बांधणीची, किंमत सुमारे ५३ लाख रुपये. अश्वशक्ती २६५, वजन साडेचौदाशे किलोंच्या आसपास, शंभराचा वेग ५.९ सेकंदांत. गिअर बदलण्याचे काम यंत्राकडे; हाताने गिअर टाकण्याची सोय तिच्यात ठेवलेलीच नाही. आकड्यांच्या परीक्षेत वंशज सर्वत्र उत्तीर्ण होते, हे आम्ही निमूटपणे मान्य करतो. तिची अभियांत्रिकी थोर आहे यातही शंका नाही.

परंतु तिरुवैयारुच्या रस्त्यावर या थोरवीचे काय होते? पाय जरा दाबला तर दुसऱ्या गिअरमध्येच रस्त्याला शोभणारा वेग मागे पडतो, आणि पाय उचलावा लागतो. इंजिनाचे खरे काम सुरू होण्याच्या आतच सभ्य माणसाचे काम संपते. ज्या क्षणी ही गाडी रंगात यावयाची, त्या क्षणी कायदा, सायकलवरच्या मुली आणि आपली सदसद्विवेकबुद्धी ही तिन्ही आडवी येतात. उरलेला सर्व वेळ ती केवळ एक शांत, जड, वातानुकूलित बैठक असते. ही शांतता इतकी गाढ की काही उत्पादक इंजिनाचा आवाज ध्वनिवर्धकातून गाडीच्या आत सोडतात! ज्या आनंदाची नक्कल करावी लागते, तो आनंद मूळच्या जागी उरलेला नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

उलट हलकी गाडी साठाच्या वेगातही चालकाशी बोलते. पूल चढताना गिअर केव्हा उतरवावा, वळणाआधी ब्रेक कोठे सोडावा, पुढच्या चाकांची पकड किती उरली आहे, हे सर्व तळहाताला आणि पाऊलाला समजते, आणि प्रत्येक वेळी निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. चित्त वेधले जाते ते या निर्णयांमुळे. काट्याने दाखविलेल्या आकड्यामुळे नव्हे. ज्या तिरुवैयारुत त्यागराजांनी आयुष्य वेचले, आणि जेथे दर वर्षी आराधनेला शेकडो गायकवादक एकत्र बसून त्यांची पंचरत्ने गातात, तेथे तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. लय द्रुत झाली म्हणून गाणे चांगले झाले, असे कोणताही जाणता श्रोता म्हणत नाही. तालाच्या मर्यादेत गायक काय करतो, इकडे त्याचे लक्ष असते. मग मोटारीच्या बाबतीतच आपण केवळ लयीचा वेग मोजून उठावे, हे कोणते रसिकत्व?

यावर असा आक्षेप येईल की, वजन वाढले ते सुरक्षिततेसाठी. जुन्या हलक्या गाड्या अपघातात कागदासारख्या चुरगळत. आक्षेपाचा पूर्वार्ध अर्धा खरा आहे, उत्तरार्ध बराचसा खरा आहे. परंतु सुरक्षित गाडी जडच असली पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. २०२४ साली आलेल्या मारुती स्विफ्टचे वजन सुमारे ९२० किलो आहे. तिच्यात सहा हवेच्या पिशव्या आणि घसरण आवरणारी यंत्रणा सरसकट दिलेली आहे. तिच्याच घराण्यातील डिझायरने त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळविले. तेव्हा वजनाचे सर्व पाप सुरक्षिततेच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्यातील पुष्कळ भाग मोठ्या चाकांचा, मोठ्या पडद्यांचा आणि गुबगुबीत बैठकींचा आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की, जुने गेले ते गेले. नव्या काळात अशी गाडी निघणेच शक्य नाही. हे तर वस्तुस्थितीस सोडून आहे. ती निघाली, आणि आपल्याच अंगणात निघाली. पुण्याजवळच्या रांजणगावातून २०१५ साली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुन्टो दहा लाखांच्या आत मिळू लागली. टाटांनी कोइमतूरच्या जेयम या मोटारतज्ज्ञ संस्थेशी भागीदारी करून २०१८ साली टियागो जेटीपी आणली. ११४ अश्वशक्ती, हाताचे पाच गिअर, आणि किंमत साडेसहा लाखांच्याही आत. मराठी आणि तमिळ कसबाचा असा सुंदर संगम मोटारींच्या क्षेत्रात क्वचित झाला असेल. चाकणच्या पोलोला २०२० साली एक लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन आणि हाताचे सहा गिअर मिळाले. आज यांपैकी एकही गाडी कारखान्यातून निघत नाही. जेटीपी २०२० मध्येच संपली, पोलो २०२२ मध्ये.

त्यांना कोणी मारले? कारखानदारांनी नव्हे, सरकारनेही नव्हे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांच्या आतील लहान मोटारींना कराची सवलत आहे. त्यांना मारले गिऱ्हाइकाने; आणि स्पष्ट बोलावयाचे तर, आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने. देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक आता उंच, थोराड बांध्याच्या असतात. खड्डे आणि पुराचे पाणी ही कारणे सांगितली जातात, आणि काही जिल्ह्यांत ती खरीही आहेत. परंतु ज्या अधिकाऱ्याची खाजगी गाडी वर्षातून दोनदा सिमेंटचा रस्ता सोडते, त्याने खड्ड्यांची सबब सांगू नये. गाडी उंच हवी असते ती पदास शोभावी म्हणून. दौऱ्यावर सरकारी गाडीत मागे बसण्याची सवय लागली की स्वतःच्या गाडीतही आपण मनाने मागेच बसतो, आणि चाक हाती असूनही प्रवासीच राहतो.

बदलीचे निमित्तही आता पुरेसे नाही. पूर्वी राज्य बदलले की नोंदणी आणि पथकर यांच्या खेपा घालताना आपली गाडी विकून टाकणे बरे वाटे. २०२१ पासून बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांसाठी ‘बीएच’ क्रमांकाची सोय झाली आहे. मनाजोगी छोटी गाडी घ्यावी आणि ती गुवाहाटीपासून तिरुचिरापल्लीपर्यंत सोबत न्यावी, यात कायद्याची अडचण राहिलेली नाही.

शेवटी कोणी वडीलधारे विचारतील की, रस्त्यांवर इतकी माणसे मरत असता हाकण्याच्या आनंदाची वकिली करणे शोभते काय? आमचे उत्तर असे की, याच कारणासाठी ती केली पाहिजे. ज्याला चालविण्यात रस आहे, त्याची नजर रस्त्यावर असते. ज्याला नाही, त्याची नजर पडद्यावर आणि खिशातील दूरध्वनीवर जाते. ज्याचा आनंद दीडशेच्या वेगावर अवलंबून आहे, त्याच्यापासून लोकांना भय आहे; ज्याला पन्नासात आनंद घेता येतो, त्याच्यापासून नाही. म्हणून आजच्या बलाढ्य हॅचबॅक चित्तवेधक आहेत काय, या प्रश्नास आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. आपल्या रस्त्यांवर त्या तशा असूच शकत नाहीत. हलकी, हाताने गिअर टाकावयाची, बेताच्या शक्तीची मोटार मात्र आजही तशी आहे. तिची मागणी करणारे गिऱ्हाईक राहिले नाही, तर उद्या तीही मिळणार नाही. पुढची गाडी घेण्यापूर्वी वाचकांनी तिचा किमतीचा तक्ता क्षणभर बाजूस ठेवावा, आणि जवळच्या एखाद्या अरुंद, पुलापुलांच्या रस्त्यावर ती स्वतः हाकून पाहावी. निवड मग त्यांनीच करावी.