तारीख माहीत नाही? मग रकाना रिकामा राहू द्या!



तुमच्या घरात कोणाचा वाढदिवस १ जूनला येतो का? आजोबांचा, मामांचा? महाराष्ट्रात असे लोक गावोगावी सापडतील. ते काही सगळे त्याच दिवशी जन्मले नाहीत. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजींना रजिस्टरचा रकाना भरायचाच असायचा. मग वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकली जायची. पुढे नोकरी, निवृत्ती, पेन्शन सगळं त्याच तारखेवर!

आता रजिस्टरसोबत संगणक आला, पण सवय तीच. इथे नामपूरला मुलांची यादी एक्सेलमध्ये भरताना मीही हेच केलं. 'शाळा सोडल्याची तारीख' हा रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून शून्य टाकला. तारीख उमटली ००-०१-१९००! मुलं वर्गात बसलेली आणि कागदावर १९०० साली शाळा सोडून गेलेली. हसू आलं, पण विचारही आला.

डेटाबेसमध्ये यासाठी 'नल' नावाची सोय असते. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे इथे अजून माहिती नाही. जी तारीख ऐच्छिक आहे, ती नसेल तर नोंद करताना तिथे नलच जायला हवं. आजची तारीख नको, १ जानेवारीही नको. का? रिकामे रकाने संगणक एका क्षणात शोधून देतो, मग ते भरता येतात. खोटी तारीख मात्र खऱ्यासारखीच दिसते. ती शोधणार कोण?

जन्मतारखेचं काय? ती ऐच्छिक नाही, हे खरं. पण दाखला नाही म्हणून शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही. अशा वेळी अंदाजाने तारीख ठोकण्याआधी अंगणवाडीची, दवाखान्याची नोंद पाहा. एक फेरी जास्त पडेल, पण मुलाला आयुष्यभराचा खरा वाढदिवस मिळेल.

पालकांनो, बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवा. आणि आम्ही शिक्षकांनी एवढं लक्षात ठेवू : 'माहीत नाही' हेसुद्धा खरं उत्तर आहे. वर्गात मुलांना आपण हेच शिकवतो ना?