ट्रंकेतला प्रबंध

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी शिकवणाऱ्या एका कलाशिक्षकांनी आपला लघुशोधप्रबंध माझ्याकडे शुद्धलेखन तपासण्यासाठी आणून दिला. मराठीच्या प्राध्यापकाकडे अशी कामे येतातच. विषय होता, 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांच्या चित्रकला विषयाकडे पाहण्याच्या दृष्टिकोनाचा चिकित्सक अभ्यास'. त्यात प्रश्नावली होती, मध्यमान होते, प्रमाण विचलन होते. १४२ पानांत चित्र मात्र एकही नव्हते. ना विद्यार्थ्याचे, ना शिक्षकाचे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मी बाड परत केले आणि सहज विचारले, "सर, यात चित्र कुठे आहे?" ते म्हणाले, "चित्रं ट्रंकेत आहेत."

ती ट्रंक मी नंतर पाहिली. १२ वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांची चित्रे, मागे नाव, इयत्ता आणि तारीख घालून जपली होती. एकाच मुलीची पाचवीपासून नववीपर्यंतची चित्रे ओळीने लावता येत होती. पाचवीत तिने काढलेल्या विहिरीच्या तळाशी माणसे होती, दोर होता, आणि विहीर एकाच वेळी वरून आणि आतून दिसत होती. सातवीत शासकीय रेखाकला परीक्षेची तयारी सुरू झाली आणि विहीर गेली. तिच्या जागी दोन डोंगर, मधोमध सूर्य, वळणाची नदी आणि काठावर झोपडी आली. त्या मुलीच्या गावात ना डोंगर होता, ना नदी. हा बदल नेमका केव्हा होतो, शिक्षकाच्या कोणत्या सूचनेने होतो आणि कोणत्या मुलांच्या बाबतीत होत नाही, हा या गृहस्थांचा खरा प्रश्न होता. त्यासाठी ते रविवारी स्वतः जलरंग घेऊन गावाबाहेर बसत, आणि आपल्या हातूनही तेच दोन डोंगर उतरतात हे पाहून अस्वस्थ होत. "आधी माझा हात मोडावा लागला, तेव्हा कुठे वर्गात काय सांगायचं नाही ते कळलं," असे ते म्हणाले. मार्गदर्शकांनी त्यांना चित्रे परिशिष्टात टाकायला सांगितली होती. पुढे परिशिष्ट लांबते म्हणून तीही काढायला लावली.

खरा प्रबंध ट्रंकेत राहिला आणि पदवी दुसऱ्याच बाडाला मिळाली. कलाशिक्षकांच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी माझी तक्रार मुळात एवढीच आहे.

आपल्याकडे या एका माणसाचे तीन तुकडे करून ते तीन खात्यांत वाटलेले आहेत. ए.टी.डी., आर्ट मास्टर या पदविका त्याला शाळेत उभे राहायला शिकवतात. एम.एफ.ए. त्याला चित्रकार मानते आणि शाळेचे नाव काढू देत नाही. संशोधन करायचे म्हटले, की त्याला शिक्षणशास्त्राच्या दारात जावे लागते आणि तिथे कुंचला बाहेर ठेवूनच प्रवेश मिळतो. रंगवणे, शिकवणे आणि विचारणे या तीन क्रिया त्याच्या दिवसात एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे यांपैकी एकाही खात्याला दिसत नाही.

ही विभागणी सनातन नाही. १९४४ साली शांतिनिकेतनच्या कलाभवनातून शिकून देवीप्रसाद सेवाग्रामला, म्हणजे आपल्या वर्ध्याजवळ, नई तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२पर्यंत राहिले. ते कुंभारकाम करीत, मुलांना शिकवीत आणि मुलांच्या चित्रांविषयी लिहीत. कलाशिक्षणावरचा त्यांचा ग्रंथ याच अनुभवातून उभा राहिला. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललित कला विद्याशाखा निघाली, तेव्हा तिथे शिकवणारे ना. श्री. बेंद्रे रंगवणारे होते, आणि पुढे तिथेच शिकवणारे के. जी. सुब्रमण्यन चित्रे, भित्तिचित्रे आणि खेळणी करता करता निबंधही लिहीत होते. आपल्या मराठीतही शंकर पळशीकर, संभाजी कदम, प्रभाकर कोलते हे जे.जे.मध्ये शिकवणारे चित्रकार कलेविषयी गंभीरपणे विचार करीत होते. कदम आणि कोलते यांनी तो मराठी गद्यात मांडला. म्हणजे परंपरा आहे. तिला पदवीच्या रचनेत जागा मात्र आपण दिली नाही. ती त्या त्या माणसाच्या हौसेवर आणि रात्रीच्या जागरणावर सोडून दिली.

बाहेर या प्रश्नावर बरेच भांडण झाले आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून १९९३ साली ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे संशोधन, कलेतून होणारे संशोधन आणि कलेसाठी केलेले संशोधन असा भेद मांडला. १९९६ साली अमेरिकेतील शिक्षणसंशोधकांच्या परिषदेत कादंबरी हा शिक्षणशास्त्राचा प्रबंध होऊ शकतो का, यावर एलियट आइस्नर आणि हॉवर्ड गार्डनर यांचा जाहीर वाद झाला. होऊ शकतो, असे म्हणणारे आइस्नर मुळात चित्रकार होते आणि त्यांनी शाळेत कला शिकवलेली होती. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रीटा अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्टिस्ट, रिसर्चर, टीचर या तीन शब्दांची आद्याक्षरे गुंफून 'आर्टोग्राफी' हे नाव रूढ केले. तिन्ही भूमिका एकाच चौकशीत नांदल्या पाहिजेत, हा तिचा आग्रह.

हे नाव आपल्याकडे कसे येईल याची मला कल्पना आहे. ते तिसऱ्या पेपरच्या चौथ्या घटकात बसेल आणि त्यावर पाच गुणांची टीप विचारली जाईल. एक पेपर अध्यापनाचा, एक संशोधनपद्धतीचा, एक प्रात्यक्षिकाचा, अशी बेरीज म्हणजे संयोग नव्हे. ट्रंकवाल्या शिक्षकांचा प्रश्न एकच होता. त्याचे उत्तर शोधताना त्यांना कधी वर्गात जावे लागले, कधी जलरंगाकडे, कधी जुन्या चित्रांच्या तारखांकडे. प्रश्न एक असेल तरच या तीन गोष्टी एकत्र येतात. प्रश्न नसेल तर श्रेयांकांची कितीही जुळवाजुळव केली तरी ते तीन वेगवेगळे डबेच राहतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला चित्रकारांचा: चित्र स्वतःच बोलते, त्याला प्रबंधाची कुबडी कशाला? गॅलरीत टांगलेल्या चित्रापुरते हे मान्य करू. पण शिक्षकाला रोज चाळीस मुलांसमोर बोलावेच लागते. मुलाच्या विहिरीला तो 'चूक' म्हणतो की थांबून पाहतो, यात त्याची सगळी कलामीमांसा येऊन जाते. ती त्याने एकदा तरी स्वच्छ मराठीत लिहून तपासायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप विद्यापीठीय आहे आणि तो अधिक गंभीर आहे: याचे मूल्यमापन कोण करणार? कच्चे चित्र संशोधनाच्या नावाखाली आणि कच्चे संशोधन चित्राच्या आडोशाने खपून जाईल. ही भीती खोटी नाही. तसे जगभर घडलेही आहे. त्यावर उपाय निकष सैल करण्याचा नसून वाढवण्याचा आहे. चित्र चित्र म्हणून उभे राहिले पाहिजे, लेखन लेखन म्हणून, आणि वर्गातील काम वर्गातील काम म्हणून. एकाने दुसऱ्याची उणीव झाकायची नाही. परीक्षकही तीन असावेत: एक चित्रकार, एक संशोधक आणि एक प्रत्यक्ष शाळेत शिकवणारा शिक्षक. तिसरे नाव ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतील. शाळामास्तर पदव्युत्तर परीक्षेला परीक्षक? या उंचावलेल्या भुवयांतच आपले दुखणे आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही पट शंभराच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला निदेशक सांगितला आहे तो 'अंशकालीन'. शाळेत ज्याला आपण अर्धवेळ मानतो, त्याच्या ज्ञानाला विद्यापीठात पूर्णवेळ मान कसा मिळणार?

आणि आपण मराठीवाल्यांनी यावर हसू नये. मर्ढेकरांचे 'सौंदर्य आणि साहित्य' मी वर्षानुवर्षे शिकवतो. संवाद, विरोध, समतोल हे शब्द फळ्यावर लिहितो. इतक्या वर्षांत एकही चित्र मी वर्गात नेले नाही. आमच्या विभागात कवितेवर पीएच.डी. होते, कविता लिहिणाऱ्याने आपल्या लिहिण्यातून काही शोधले असेल, तर ते मांडायला मात्र नियमात जागा नाही. चित्रांविना चित्रकलेचा प्रबंध शुद्ध करून देणारा मीच होतो, आणि त्या १४२ पानांत मला ऱ्हस्व-दीर्घापलीकडे काही खटकायला ट्रंक उघडावी लागली.

आता निमित्त आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणात कलेची जोड देऊन इतर विषय शिकवण्याची भाषा आहे. सर ज. जी. कला महाविद्यालयाला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मुभाही आली. तेव्हा मागण्या साध्याच ठेवतो. सेवेतील कलाशिक्षकासाठी दोन वर्षांची अशी पदव्युत्तर पदवी असावी, जिच्यात तो आपली शाळा न सोडता शिकेल, कारण त्याची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा आहे. त्याला आठवड्यातून निदान दोन दिवस स्टुडिओ मिळावा. प्रबंधात चित्रे परिशिष्टात जाऊ नयेत. युक्तिवाद जिथे चित्रावर उभा आहे तिथे चित्र छापले जावे. आणि प्रबंध मराठीत लिहिण्याची पूर्ण मुभा असावी, कारण मुलांशी तो मराठीतच बोलतो.

त्या गृहस्थांच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. शाळेत जिन्याखालची जागा संगणकांच्या खोक्यांसाठी हवी म्हणून ट्रंक त्यांनी घरी नेली आहे. मध्यंतरी फोन झाला तेव्हा मी विचारले, पुन्हा काही लिहिणार का? ते म्हणाले, "सर, कुणी चित्रांसकट घेणार असेल तर लिहितो."