लग्नाला मोठी, धड्याला लहान

2007 साली विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. कारण काय, तर संस्कृती आणि मुलांचं कोवळं वय.

आता हिंगोली बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर 100 जणींपैकी सुमारे 22 जणींची लग्नं 18 च्या आत झालेली; हिंगोलीत प्रमाण त्याहून जास्त. म्हणजे पोरगी बोहल्यावर चढायला मोठी. पाळी, गर्भ, नकार हे शब्द वर्गात ऐकायला मात्र लहान!

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. बाबासाहेब त्यांचे वकील होते. तेव्हाही आक्षेप हाच.

कोवळ्या वयाची एवढी काळजी असेल, तर आधी हे मांडव अडवा. धडा नंतर अडवा.