डिझेल गाडीचें टायमिंग : कानानें कीं खुणेनें?

कापणी-मळणी आटोपली म्हणजे तुमसरच्या बाजाराकडे धानाच्या गाड्यांची रीघ लागते. पूर्वीं जें काम बैलबंड्यांनीं होई, तें आतां डिझेलचे ट्रक व ट्रॅक्टर करतात. बैल लंगडूं लागला तर प्रथम त्याचा खूर पाहावा, हें शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. परंतु गाडी ओढीनाशी झाली कीं तो ती मुकाट्यानें मिस्त्रीच्या स्वाधीन करतो, आणि पुष्कळदां इतर कांहीं न तपासतां पंपाचें टायमिंग ‘थोडें पुढें’ घेतलें जातें. ही रीत मालकाच्या नुकसानीची असून ती बंद झाली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनांत ठिणगीची योजना नाहीं. सिलिंडरांतील हवा सुमारें सोळा ते अठरा पट दाबली जाऊन अतिशय तापते, आणि तींत सोडलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. मात्र त्याची वाफ होऊन पेट घेण्यास सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा मुख्य दांडा तेवढ्या अवधींत ९ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वरच्या टोंकास पोंचण्यापूर्वींच फवारा सुरू व्हावा लागतो. किती अंश आधीं, हें प्रत्येक इंजिनाच्या कारखानदारानें ठरवून दिलेलें असतें.

फवारा फार आधीं सुटला तर सांचलेलें डिझेल एकदम भडकतें व इंजिन ठोके देऊं लागतें. या कडक आवाजालाच कित्येक जण जोम समजतात. वस्तुतः तो पिस्टन, बेअरिंगें व हेडचें गास्केट यांवर बसणारा घाव होय. उलट, फवारा उशिरां सुटला तर ओढ कमी होते, डिझेल अधिक लागतें आणि तापलेल्या धुरानें बाहेरचे व्हॉल्व जळतात. शिवाय चार टप्प्यांच्या इंजिनांत पंप निम्म्या गतीनें फिरतो. त्यामुळें पंपाच्या दांड्यावर झालेली एका अंशाची चूक इंजिनावर दोन अंशांची होते.

अनुभवी मिस्त्रीचा कान हेंच खरें माप, असा आक्षेप कोणी घेतील. कानाची योग्यता आम्ही नाकारीत नाहीं. कांहीं तरी बिघडलें आहे, हें तो अचूक सांगतो. पण झिजलेलें नोझलहि ठोके देतें व पुढें गेलेलें टायमिंगहि ठोके देतें. तेव्हां आधीं धानाच्या भुशानें कोंदलेली हवेची जाळी, मग डिझेलची गाळणी, नळींत शिरलेली हवा आणि शेवटीं नोझलचा दाब, या क्रमानें तपासणी व्हावी. पंप काढलेला नसेल व त्याचे दांते झिजलेले नसतील, तर टायमिंग सहसा आपण होऊन हलत नाहीं.

तें पाहावेंच लागलें तर खुणेनें पाहावें. पहिला सिलिंडर दाबाच्या टप्प्यावर आणून पंपाच्या त्या तोंडाचा व्हॉल्व काढावा व इंजिन हातानें सावकाश फिरवावें. डिझेलचा प्रवाह ज्या क्षणीं थांबतो, तोच फवाऱ्याचा आरंभ. त्या क्षणीं फ्लायव्हीलवरील किंवा पुढच्या पुलीवरील खूण जुळली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या भारत-सहा ट्रकांत ही वेळ संगणक ठरवितो. तेथें जुन्या रीतीनें हात घालूंच नये.

यांत सारा दोष मिस्त्रीवर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. धान भरलेली गाडी दारांत उभी करून ‘संध्याकाळपर्यंत चालती करा’ असें बजावणारा मालकच त्यास आडवाटेनें नेतो. म्हणून धान शेतांत उभें असतांनाच, आश्विनाच्या आरंभीं, ही तपासणी करून घ्यावी. इंजिनाचें माहितीपुस्तक मिस्त्रीपुढें ठेवावें. आणि कोणत्या खुणेवर टायमिंग बसविलें तें तारखेनिशीं वहींत लिहून घ्यावें. शेतकरी संस्थांनींहि अशीं पुस्तकें व नोझल तपासण्याचें साधन सभासदांसाठीं ठेवावें. एका जळालेल्या पिस्टनापायीं हंगामांत गाडी अडकून पडते, त्या तोट्यापुढें हा खर्च अल्प आहे.